आधी शेत, मग सूत्र

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवायचे म्हटले की एक पेच ठरलेला. अभ्यासक्रमात लॉजिस्टिक रिग्रेशन असते, जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल असते, क्वचित मिक्स्ड मॉडेलही डोकावते. आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांना मॅट्रिक्सचा व्यस्त काढताना अजून घाम फुटत असतो. मग शिकवणारा दोनपैकी एक वाट धरतो. एक तर फळाभर लाइकलीहूड लिहायचे, त्याचे विकलन करायचे, सिद्धता पुरी करायची आणि 'हे पेपरात येते' असे सांगून पुढे जायचे. नाही तर प्रॅक्टिकलच्या तासाला तयार कमांड द्यायची, पडद्यावर उमटलेला तक्ता जर्नलमध्ये उतरवून घ्यायचा आणि पी-व्हॅल्यू 0.05 पेक्षा कमी दिसेल तिथे गोल करायला सांगायचे. पहिल्या वाटेने गेलेल्या विद्यार्थ्याला सूत्र येते, पण समोर आलेल्या आकड्यांना कोणते मॉडेल लावायचे ते सुचत नाही. दुसऱ्या वाटेने गेलेल्याला मॉडेल लावता येते, पण ते का लावले असे विचारले की तो खाली बघतो. दोन्ही वाटांवर चूक एकच होते: आकडे आयते हातात दिले जातात. ते कुठून आले, कुणी निवडले, कुणाशी कोणाचे नाते आहे, हा प्रश्न वर्गात येतच नाही.

या लेखाचे म्हणणे साधे आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रगत मॉडेलिंग शिकवता येते, पण त्यासाठी क्रम फिरवावा लागतो: आधी आकड्यांचा जन्म, मग त्या जन्माला साजेसे मॉडेल, आणि सूत्राची सिद्धता सर्वांत शेवटी. 'प्रगत' या शब्दाचा धसका आपण उगाच घेतो. सरळ रेषा अपुरी पडते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक, उत्तर हो-नाही किंवा मोजणीच्या रूपात असते. दोन, नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. पहिल्या अडचणीवर जॉन नेल्डर आणि रॉबर्ट वेडरबर्न यांनी 1972 मध्ये जनरलाइज्ड लिनिअर मॉडेलची एकसंध चौकट मांडली. दुसरीवर मिक्स्ड किंवा मल्टिलेव्हल मॉडेल हा उपाय आहे. उपायांमागचे गणित अवघड असेल, पण या दोन्ही अडचणी बारावीच्या मुलालाही कळतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट ओलाफ कॉलेजच्या पॉल रोबॅक आणि ज्युली लेगलर यांनी नेमक्या याच दोन विषयांवर पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले आहे. ते वाचायला मल्टिपल रिग्रेशनची ओळख पुरते. गणिती संख्याशास्त्राचा पेपर आधी झालेला असावा अशी अट नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 मध्ये मान्य केलेल्या मार्गदर्शक सूचना तर अगदी पहिल्या अभ्यासक्रमातच अनेक चलांचा एकत्र विचार करायला लावा, असे सांगतात. तेव्हा हे शिकवता येईल का, यावर फार वेळ घालवू नये. कोणत्या टोकाने धरायचे, ते ठरवावे.

पहिले टोक धरायला चॅलेंजरचे उदाहरण घ्या. 28 जानेवारी 1986 ला हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर गेले. रॉकेटच्या सांध्यात बसवलेली ओ-रिंग नावाची रबरी कडी थंडीने ताठरली होती. आदल्या रात्री अभियंते आणि व्यवस्थापक दूरध्वनीवर याच शंकेवर बोलत होते. सकाळी तापमान 31 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे गोठणबिंदूच्या आसपास राहील असा अंदाज होता. आधीच्या उड्डाणांपैकी सातांत कड्यांना इजा झाली होती आणि ती सात 53 ते 75 अंशांत विखुरलेली होती. एवढेच पाहिले तर थंडीचा संबंध ठामपणे दिसत नाही. वर्गात आधी हेच सात बिंदू फळ्यावर काढा आणि 'उड्डाण करायचे का?' यावर हात वर करायला सांगा. मग विचारा, इजा न झालेली उड्डाणे कुठे गेली? ज्यांच्या कड्या नंतर तपासता आल्या अशी एकूण 23 उड्डाणे होती. राहिलेले 16 बिंदू मांडले की चित्र पालटते. 65 अंशांखाली चार उड्डाणे झाली होती आणि चारही वेळा इजा झाली. त्याच्या वर 19 झाली आणि फक्त तीन वेळा इजा झाली. हे सोळा बिंदू कोणत्याही गणिताने भरून काढता आले नसते. विद्यार्थ्याने मॉडेलचे नाव ऐकण्याआधी हे पाहिलेले असावे.

आता लॉजिस्टिक रिग्रेशन आणा. हो-नाहीच्या उत्तराला सरळ रेषा लावली तर ती एका बाजूला एकच्या वर आणि दुसऱ्या बाजूला शून्याच्या खाली जाते, हे मुलांना स्वतः काढून पाहू द्या. मग एस-आकाराचा वक्र लादल्यासारखा वाटत नाही. या 23 नोंदींवर तो बसवला तर 75 अंशांना इजेची संभाव्यता सुमारे 9 टक्के येते, 65 ला जवळपास निम्मी आणि 53 ला 94 टक्क्यांच्या घरात. 31 अंशांना मॉडेल 99.9 टक्क्यांहून जास्त सांगते. बहुतेक वर्ग इथे टाळ्या वाजवून उठतो; तुम्ही मात्र इथेच थांबा. 53 अंशांखाली एकही नोंद नाही. पुढची 22 अंशांची उडी मॉडेलने केवळ आपल्या आकाराच्या भरवशावर मारली आहे. प्रत्येक गटाला 23 चिठ्ठ्या द्या, एक उचलायची, नोंदवायची, परत टाकायची, असे 23 वेळा करून नव्या नमुन्यावर वक्र बसवायला सांगा. प्रत्येक गटाचा वक्र निराळ्या चढणीचा येईल, आणि एखाद्या गटात तर संगणक कुरकुर करील, कारण त्यांच्या नमुन्यात इजा झालेली सगळी उड्डाणे एका बाजूला पडली असतील. अनिश्चितता म्हणजे काय हे व्याख्येने कळत नाही इतके या निरनिराळ्या वक्रांनी कळते. सिद्धार्थ दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये या आकड्यांचे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले, ते हुशार विद्यार्थ्यांना वाचायला द्यावे. पण वर्गाला एवढे नक्की सांगा की निर्णयासाठी दशांशातल्या नऊंची गरज नव्हती. चारपैकी चार पुरेसे बोलके होते.

दुसरे टोक आपल्याच मातीत आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत भरपाईसाठी अधिसूचित क्षेत्राच्या, म्हणजे आपल्याकडे बहुधा महसूल मंडळाच्या, सरासरी उत्पन्नाची उंबरठा उत्पन्नाशी तुलना होते. हे सरासरी उत्पन्न काढायचा जुना मार्ग म्हणजे पीककापणी प्रयोग: यादृच्छिक निवडलेल्या शेतात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे. या पद्धतीला नमुनाशास्त्राचा पाया देण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे; वि. गो. पानसे यांच्यासोबत त्यांनी शेतीतल्या संख्याशास्त्रावर लिहिलेले 1954 चे पुस्तक कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. विद्यार्थ्यांना सांगा, आधी नुसते चित्र काढा: तुकडा शेताच्या पोटात, शेत गावाच्या, गाव मंडळाच्या, मंडळ तालुक्याच्या. एकाच मंडळातल्या शेतांवर पाऊस एकच पडला, माती मिळतीजुळती, टोळधाड आली तर सगळ्यांवर आली. म्हणून या नोंदी एकमेकींच्या भाऊबंद आहेत, अनोळखी नाहीत. समजा, एका मंडळातल्या शेता-शेतांत सोयाबीनच्या हेक्टरी उत्पन्नाचे प्रमाण विचलन 4 क्विंटल आहे आणि मंडळा-मंडळांच्या खऱ्या सरासऱ्यांत 2 क्विंटल. वर्ग केले की 16 आणि 4. म्हणजे एकूण फरकाचा पाचवा हिस्सा मंडळामुळे. दहा मंडळांत प्रत्येकी 12, असे 120 प्रयोग झाले तर तालुक्याच्या सरासरीसाठी त्यांचे वजन किती? नमुनाशास्त्रात शिकवलेला गुणक इथे 1 अधिक 11 गुणिले 0.2, म्हणजे 3.2. तेव्हा 120 प्रयोगांची किंमत 37-38 स्वतंत्र प्रयोगांएवढीच भरते. जो 120 धरून प्रमाणत्रुटी काढतो तो स्वतःला फसवतो. मल्टिलेव्हल मॉडेलची गरज पटवायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

याच आकड्यांवर मॉडेलची खरी कमाई दाखवता येते. समजा, तालुक्याची सरासरी 12 क्विंटल आहे आणि दोन मंडळांत कापणीची सरासरी 8 आली. एकात 12 प्रयोग झाले, दुसऱ्यात पावसामुळे फक्त 4 होऊ शकले. दोन्ही आठांवर सारखाच विश्वास ठेवायचा का? विद्यार्थी लगेच 'नाही' म्हणतात. मग किती ठेवायचा? मॉडेलचे उत्तर असे: मंडळाच्या स्वतःच्या सरासरीला प्रयोगांची संख्या भागिले प्रयोगांची संख्या अधिक 4 एवढे वजन द्या, उरलेले वजन तालुक्याला. हा 4 म्हणजे 16 भागिले 4. बारा प्रयोगांच्या मंडळाला तीन चतुर्थांश वजन मिळते आणि अंदाज 9 येतो. चार प्रयोगांच्या मंडळाला निम्मेच मिळते आणि अंदाज 10 येतो. जिथे एकही प्रयोग झाला नाही तिथे तालुक्याचे 12 धरण्यावाचून गत्यंतर नाही. चार्ल्स हेंडरसन यांनी अमेरिकेत दुभत्या जनावरांच्या पैदाशीसाठी हीच कल्पना विकसित केली: ज्या वळूच्या मोजक्याच लेकींचे दूध मोजले गेले त्याच्याविषयीचा अंदाज सगळ्या वळूंच्या सरासरीकडे जास्त ओढायचा. शेत असो वा गोठा, तर्क एकच.

आता वर्गातल्या कुणाला तरी त्या चार प्रयोगांच्या मंडळातला शेतकरी व्हायला सांगा. तो विचारील, 'अहो, कापणीत आठ निघाले, तुम्ही दहा कुठून आणले?' हा प्रश्न टाळून पुढे जाणारा शिक्षक मॉडेल शिकवत नाही, नुसते आउटपुट शिकवतो. उत्तराचे तीन भाग आहेत आणि तिन्ही विद्यार्थ्याला बोलता आले पाहिजेत. पहिला: सगळ्या मंडळांचा मिळून विचार केला तर या ओढीने एकूण चूक कमी होते, पण एखाद्या मंडळावर अन्याय होऊ शकतो. दुसरा: कापणीआधी सगळी मंडळे आपल्या लेखी सारखीच होती, या गृहीतकावर हे सगळे उभे आहे. ते मंडळ पर्जन्यछायेत असेल तर गृहीतक ढासळते. मग पावसाची नोंद मॉडेलमध्ये घालून अंदाज तालुक्याऐवजी तेवढ्या पावसाला अपेक्षित उत्पन्नाकडे ओढावा लागतो. तिसरा: भरपाई कोणत्या आकड्यावर द्यावी हा धोरणाचा आणि न्यायाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सूत्रातून निघत नाही. विम्याच्या हिशेबात मोजलेल्या आकड्याला जो मान आहे तो अंदाजाला का नसावा किंवा असावा, यावर अर्धा तास वाद झाला तरी तो तास वाया गेला असे समजू नका.

या पद्धतीचे मुख्य हत्यार म्हणजे खोटे शेत पिकवणे. मॉडेल खऱ्या आकड्यांवर लावण्याआधी विद्यार्थ्याने स्वतः आकडे तयार करावेत: दहा मंडळांच्या खऱ्या सरासऱ्या आपणच ठरवायच्या, प्रत्येकीभोवती शेतांची उत्पन्ने यादृच्छिक पेरायची, मग सत्य माहीत नाही असे समजून मॉडेल बसवायचे आणि ते सत्याच्या किती जवळ आले ते बघायचे. 'आर' या मोफत प्रणालीत हे दहा-पंधरा ओळींचे काम आहे आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतला जुना संगणकही ते झेपवतो. वीज गेली तर चिठ्ठ्या आणि फासे आहेतच. प्रत्येकाने शंभर वेळा केले की अंदाजाचे वितरण, नि:पक्षपातीपणा, विश्वासांतर हे सगळे शब्द आकार घेतात. मग मुद्दाम चुका पेरा. मंडळे दहाऐवजी तीनच ठेवा. मंडळांमधला फरक अनेकदा थेट शून्य येईल आणि मॉडेल इशारा छापील. तीन-चार गटांवरून गटांमधला फरक मोजता येत नाही, हा नियम पाठ करण्यापेक्षा असा अंगावर आलेला बरा. एका गटाला खरे मॉडेल एक देऊन दुसरेच बसवायला सांगा. चुकीचे मॉडेलही किती सफाईदार आउटपुट देते ते त्यांना दिसेल.

पहिला आक्षेप गणितवाल्यांचा असतो आणि तो हलका नाही. सिद्धता नसेल तर हे बटणे दाबणे झाले, पाया कच्चा राहिला की वरचे मजले हलतात, असे ते म्हणतात. त्यातला अर्धा भाग मान्यच करायला हवा: ज्याला संभाव्यता, प्रचरण आणि सरळ रेषेचे रिग्रेशन नीट येत नाही त्याला या वर्गात बसवू नये. पण सिद्धता शेवटी देणे म्हणजे ती गाळणे नव्हे. वरचे वजनाचे सूत्रच घ्या. मंडळाच्या सरासरीचे प्रचरण 16 भागिले प्रयोगांची संख्या, मंडळांमधले प्रचरण 4. दोन्ही स्रोतांना प्रचरणाच्या व्यस्त प्रमाणात वजन द्यायचे, एवढे दुसऱ्या वर्षाचे गणित दोन ओळींत ते सूत्र हातात देते. चॅलेंजरच्या 23 संभाव्यतांचा गुणाकार मोठ्यात मोठा कसा होईल हे मुलांनी वक्राचे दोन आकडे हाताने फिरवून शोधले की लाइकलीहूडची व्याख्या त्यांनीच केलेली असते, आणि हाताने शोधून कंटाळल्यावर न्यूटन-रॅफसनची पद्धत सुटकेसारखी वाटते. जे खरोखर एम.एस्सी.साठी राखावे तेही सांगतो: आरईएमएलची पूर्ण सिद्धता, मिक्स्ड मॉडेलमधल्या स्वातंत्र्यमात्रांचे वाद, असिम्प्टोटिक सिद्धांतांच्या बारीक अटी. त्यांचे नाव घ्या, त्या कुठे चावतात ते दाखवा आणि पुढे चला.

दुसरा आक्षेप वेळेचा. सत्र पंधरा आठवड्यांचे, त्यात सणवार, परीक्षा, शिबिरे. चिठ्ठ्या खेळत बसलो तर पोर्शन कधी संपायचा? उपाय आहे, पण त्यासाठी काहीतरी सोडावे लागते. कॅल्क्युलेटरवर सोडवलेली चार-चार पानांची उदाहरणे आणि एकाच प्रकारच्या चाचण्यांचे सात नमुने कमी केले की चार-पाच आठवडे मोकळे होतात. पहिले तीन आठवडे मल्टिपल रिग्रेशन नव्या नजरेने, पुढचे चार लॉजिस्टिक आणि पॉयसन, नंतरचे पाच मल्टिलेव्हल आणि शेवटचे तीन प्रकल्पाला, अशी वाटणी बसते. विषय कमी होतील, पण जे होतील ते टिकतील. 2014 मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण 33.8 टक्के होते, विद्यार्थ्यांना तासाभरात काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत 21.8 टक्के. हे अभ्यास आपल्या कॉलेजांतले नाहीत, गर्दी आणि साधने वेगळी आहेत, हे खरे. पण मुलाने स्वतः केलेले जास्त टिकते यात महाराष्ट्रात अपवाद असेल असे मानायला कारण नाही.

तिसरा आक्षेप अगदी ताजा. कोड आता यंत्रच लिहून देते, मशीन लर्निंगने अंदाज जास्त अचूक येतात. मग पदवीच्या मुलाने मॉडेल का शिकावे? मला हा आक्षेप या क्रमाच्या बाजूचाच पुरावा वाटतो. मिक्स्ड मॉडेलची कमांड यंत्र क्षणात देईल, आणि सात बिंदू दिले तर सात बिंदूंवरही निमूट काम करील. सोळा उड्डाणे गळाली आहेत, 120 प्रयोग खरे तर 38 आहेत, हे त्याला सांगणारा माणूस लागतो, आणि तो माणूस घडवणे हेच आता वर्गाचे काम उरले आहे. कमांड पाठ करून घेण्यात जो वेळ जात होता तो यंत्राने मोकळा केला असेल तर तो याच प्रश्नांना द्यावा.

मूल्यमापन बदलले नाही तर यातले काहीच टिकणार नाही, कारण मुले जे विचारले जाते तेच शिकतात. जर्नलमध्ये प्रत्येकाचे खोटे शेत वेगळे असू द्या. यादृच्छिक आकड्यांचे बी (सीड) म्हणून हजेरी क्रमांक वापरला की नक्कल आपोआप थांबते. प्रत्येक प्रयोगाच्या अखेरीस एक परिच्छेद मराठीत लिहून घ्या: हे आकडे कसे जमले, मॉडेलने काय गृहीत धरले आणि या निष्कर्षावरून काय म्हणता येणार नाही. 'ऑड्स रेशो' हा शब्द इंग्रजीच राहू द्या, पण त्याचा अर्थ घरच्या माणसाला सांगता येतो का ते मराठीतच तपासले जाते. तोंडी परीक्षेला तयार आउटपुट पुढे ठेवून एकच गृहीतक बदला आणि काय बदलेल ते विचारा. आणि सगळे एकदम जमणार नसेल तर या सत्रात एकच प्रॅक्टिकल बदला: सात बिंदू फळ्यावर काढा, हात वर करायला सांगा, आणि इजा न झालेली उड्डाणे कुठे आहेत हे तुम्ही विचारण्याआधी कुणी विचारते का, याची वाट पाहा. पुढच्या वर्षी तो प्रश्न आधी वर्गातून आला, तर क्रम बरोबर लागला आहे असे समजा.